एकटीचा प्याला

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं त्यात माझ्या बी.ए.चा मोठा हात आहे. त्या पदवीचा मला तेव्हा अभिमान होता आणि आजही आहे, तो मी लपवणार नाही. वडील खिदिरपूरच्या गोदीत फिटर होते, आई एका इस्पितळात आया. दोघंही नगरकडच्या खेड्यांतून लग्नानंतर इकडे आलेली. वडिलांना सहीपुरतं लिहिता येई, आईला तेवढंही येत नसे. त्यांच्या पोटी जन्मून मी कलकत्त्यात बी.ए. झाले, हे काही फुकट झालेलं नाही.

खिदिरपुरात तेव्हा आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांची एक लहानशी मंडळी होती. लहान म्हणजे किती, तर सगळे आले तर तीस-एकतीस माणसं. स्वतःचं देऊळ नव्हतं. बंगाली बांधवांची सकाळची उपासना आटोपली की दुपारी तीनला त्यांचं देऊळ आम्हाला मिळे. त्यांच्या गर्दीनं बाकं गरम झालेली असत. गोदीतून एखादं जहाज भोंगा देई, तेव्हा गाणं त्या भोंग्याच्या वर चढवावं लागे. आमच्यात पाळकही नव्हते. एका छापखान्यातून निवृत्त झालेले एक वयोवृद्ध पंच होते, त्यांना सगळे कंपोझिटरकाका म्हणत. रविवारी शास्त्रपाठ तेच वाचत. खरगपूरचे पाळकसाहेब दर तीन महिन्यांनी येत, आणि फक्त त्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर खाणं आणि द्राक्षारस पिणं, होई. एकदा चुकलं की पुन्हा तीन महिने थांबायचं.

प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी आमच्या घरी आई काळ्या मनुका भिजत घालायची. सकाळी त्या हातानं कुसकरून पातळ फडक्यातून गाळायची. तोच आमचा द्राक्षारस. तो ज्यातून प्यायचा तो प्याला पितळेचा होता, वरचा चांदीचा मुलामा जागोजाग उडालेला. कंपोझिटरकाकांचे वडील गाव सोडून निघाले तेव्हा तिकडच्या मंडळीनं तो त्यांच्या हाती दिला होता. हा एकच प्याला सगळ्या बाकांवरून फिरे. प्रत्येकाने घोट घेतला की काका पांढऱ्या फडक्याने त्याची कड पुसत.

त्या प्याल्याची गोष्ट आम्ही मुलांनी इतक्यांदा ऐकली होती की ती ऐकू यायचीच बंद झाली होती. गावात आमच्या आज्यापणज्यांना पाणी वरून ओंजळीत ओतत. चहा द्यायची वेळ आलीच तर करवंटीत, नाहीतर वापरून टाकायच्या मातीच्या पेल्यात. मग कुणीतरी त्यांना सांगितलं की एक असा आहे ज्याच्या मेजावर प्याला एकच असतो आणि तो सगळ्यांच्या ओठांना लागतो. काका म्हणत, "माझ्या बापाला शास्त्र कळलं नव्हतं. प्याला कळला होता."

आता मावशीबद्दल.

ती रक्ताची मावशी नव्हती. बजबजला राहायची. नवरा तिथल्या तेलाच्या डेपोत पंपावर कामाला, मूलबाळ नाही. दर रविवारी बजबजहून गाडीने माजेरहाटला उतरून तिथून चालत यायची. लग्नाआधी ती गावाकडे मुलींच्या शाळेत शिकवत असे, म्हणून आई तिला 'बाई' म्हणे आणि ती आईला 'अक्का'. आम्ही खिदिरपूरची मुलं गल्लीत बंगाली बोलायचो, शाळेत इंग्रजी, आणि मराठी बोलायला गेलो की तिन्हींची खिचडी व्हायची. उपासना झाली की मावशी आम्हाला देवळाच्या व्हरांड्यात बसवून फरशीवर खडूने अक्षरं काढायला लावी. तिला वळणदार अक्षर लागे. 'ळ' ढिला आला की म्हणे, "हा दमलाय बिचारा, याला जरा उभं कर." माझं अक्षर चांगलं आहे असं लोक म्हणतात. ते माझं नाही, तिचं आहे.

मी बी.ए. झाले त्या रविवारी तिने मला सगळ्यांपुढे उभं केलं आणि माझ्या वडिलांना म्हणाली, "मेस्त्री, आता हिच्यापुढे बोलताना जरा जपून, चुका काढील." सगळे हसले. महिन्याभरात पंचांनी मला मंडळीची चिटणीस केलं. त्याआधी हे काम कुणा बाईकडे आलेलं नव्हतं. मी सभांची टिपणं लिहू लागले. त्यात 'आजाऱ्यांच्या भेटी' असं एक कलम असे. त्याखाली मी न चुकता लिही : अमुक यांना भेट देण्यात यावी. ती भेट दिली गेली की नाही, ते लिहायला कलम नव्हतं.

स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली होती. शहर निर्वासितांनी भरलं होतं, आणि दाटीवाटीच्या वस्तीत जे रोग येतात ते आले होते. मी एका मुलींच्या शाळेत शिकवू लागले होते. सहावीला आरोग्यशास्त्र माझ्याकडे. खोकला, थुंकी, एकमेकांची भांडी वापरणं हे सगळं मी फळ्यावर चित्रं काढून शिकवी. त्याच पावसाळ्यात मावशीला खोकला सुरू झाला. थंडी आली तरी थांबेना, आणि डॉक्टरांनी क्षय असल्याचं सांगितलं.

मावशी येतच राहिली. तोंडाला पदर लावून आईशेजारी बसे. प्रभुभोजनाला प्याला तिच्याकडून आईकडे येई. आई घोट घेई आणि पुढे देई. मी मागच्या बाकावरून बघत असे. प्याल्याची फेरी कशी होते, कोण कुणानंतर पितं, कुठे दोन लेकुरवाळ्या बायका बसल्यात, हे सगळं मी मनातल्या मनात फळ्यावर मांडत होते.

पुढच्या पंचसभेत मी ठराव मांडला. आजारी सभासदाला प्रभुभोजनाच्या वेळी वेगळा प्याला द्यावा. नाव घेतलं नाही, घ्यायची गरजच नव्हती. मी दहा मिनिटं बोलले आणि चांगलं बोलले. जंतू म्हणजे काय, ते फडक्याने का पुसले जात नाहीत, लहान मुलांना किती पटकन लागण होते, सगळं सांगितलं. कंपोझिटरकाका बराच वेळ प्याल्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "शिकलेलं माणूस सांगतंय, आपण काय बोलणार." हात वर झाले. त्या लोकांच्या तोंडावर जे दिसलं त्याला मी तेव्हा पाठिंबा समजले. आता कळतं, त्यांना जे बोलायची लाज वाटत होती ते कुणीतरी छापील भाषेत बोलून दिलं, त्याचा तो आनंद होता.

घरी आल्यावर आईला ठराव वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती.

"तिला कुणी विचारलं का?" तिने विचारलं.

"यात विचारायचं काय? जंतू काय विचारून येतात?"

ती पुन्हा तांदळात बोटं फिरवू लागली. मला वाटलं, मुद्दा पटला.

मावशीला पत्र मी लिहिलं, चिटणीस म्हणून. 'मंडळीच्या आरोग्याच्या दृष्टीने आपणांस स्वतंत्र प्याल्यातून प्रभुभोजन देण्यात येईल, तरी कृपया सहकार्य करावे.' जन्मभर जिला 'अगं मावशी' म्हटलं तिला मी 'आपणांस' लिहिलं, आणि तिनेच घडवलेल्या अक्षरात. चार ओळी कशा सरळ आल्या ते बघून मी खूश झाले होते, हेही आठवतं.

प्रभुभोजनाच्या रविवारी मावशी आली. मी घरून एक काचेचा छोटा ग्लास नेला होता. ती नेहमीच्या जागी न बसता सगळ्यात मागे, दाराजवळ बसली. आई उठून तिच्याकडे जायला निघाली, पण तिने हातानेच तिला थांबवलं. पाळकसाहेबांनी आधी पितळी प्याला फिरवला. मग मी ट्रेमधून तो ग्लास तिच्यापर्यंत नेला. सगळे पुढे तोंड करून बसले होते, तरी सगळे मागेच बघत होते. मी ग्लास तिच्या हातात दिला तेव्हा बाकांवरून एक बारीकसा आवाज आला. कुणी बोललं नाही. बऱ्याच माणसांनी एकाच वेळी रोखलेला श्वास सोडला की जो होतो, तेवढाच.

मावशीने रस प्यायला. शेवटची प्रार्थना चालू असताना ती बाहेर गेली, अंगणातल्या नळावर ग्लास घासूनपुसून धुतला, रुमालात गुंडाळला आणि पिशवीत टाकला. मी म्हटलं, "मावशी, राहू दे, मी धुतला असता." ती म्हणाली, "तुला कशाला त्रास," आणि स्टेशनच्या रस्त्याला लागली.

त्यानंतर ती आली नाही. एक रविवार गेला, दोन गेले, महिना गेला. टिपणवहीत मी लिहिलं : बजबजच्या बाईंना भेट देण्यात यावी.

आई बुधवारी इस्पितळातून उशिरा यायची. मला वाटे, जादा काम असेल. एका बुधवारी वडिलांच्या तोंडून निघून गेलं की ती दर आठवड्याला बजबजला जाते. मी चिडले. मला का नाही सांगितलं, विचारलं. आई म्हणाली, "तुझ्या वहीत लिहिलंयस ना, भेट द्यावी म्हणून? ती देऊन येते." टोमणा मारायची तिची सवय नव्हती. पण मला तो लागायचा तिथे लागला.

त्यापुढच्या बुधवारी शाळेला सुट्टी होती, मी तिच्याबरोबर गेले. आईच्या पिशवीत एक पंचा, साबण, फणी आणि डब्यात पातळ खिमट. बजबजला उतरलं की तागाचा आणि तेलाचा एकत्र वास येतो, तो नाकातून दोन दिवस जात नाही. मावशीचं घर म्हणजे डेपोच्या मागे दोन खोल्या. ती खाटेवर होती. किती बारीक झाली होती ते सांगत नाही.

मला बघून ती आईला म्हणाली, "अक्का, आज बी.ए. बाईंना घेऊन आलीस? मग घर झाडलं असतं ना."

आईने पाणी गरम केलं. दाराला पडदा ओढून तिला पुसून काढलं, पाठ, हात, पाय. दोन वेळा पाणी बदललं. मग केस विंचरले. हे सगळं ती इस्पितळात कुणा अनोळखी बाळंतिणीचं करते तसंच करत होती, ना घाई, ना कौतुक. मला लहानपणापासून आईच्या या कामाची लाज वाटे. कॉलेजात कुणी विचारलं तर मी 'नर्स' म्हणून सांगत असे. मी कोपऱ्यात उभी होते. करण्यासारखं खूप होतं, पण काय करायचं ते मला येत नव्हतं.

खिडकीत तो ग्लास होता. त्यात मावशी औषध घेत असावी, तळाला लाल डाग होता.

आई बाहेर पाणी ओतायला गेली तेव्हा मी बोलायला सुरुवात केली. म्हटलं, मावशी, मी जे केलं ते रोगाच्या दृष्टीने चूक नव्हतं, पण…

"चूक कुठे म्हणतेय मी?" ती म्हणाली. "माझी ताटवाटी मीच वेगळी केलीय, यांनाही हात लावू देत नाही. तू बरोबरच होतीस गं. चूक असतीस तर मी येऊन तुझ्याशी भांडले असते. बरोबर असलेल्या माणसाशी काय भांडायचं? घरी बसायचं."

मी विचारलं, मग का येत नाहीस.

खोकला आला. तो थांबेपर्यंत मी थांबले. मग ती म्हणाली, "पेला वेगळा झाला त्याचं काही नाही. सगळ्यांनी सुस्कारा सोडला ना, तो ऐकू आला मला." पुढे म्हणाली, "माझी आजी पाटलाच्या वाड्यामागे करवंटीतून चहा प्यायची. मी नाही प्याले कधी. मला वाटलं होतं, आपल्याला हे बघायला लागायचं नाही."

ही गोष्ट मी शेकडो वेळा ऐकली होती म्हणून वर सांगितलं. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

मी म्हटलं, पुढच्या महिन्यात पाळकसाहेब येताहेत, तू ये. ती म्हणाली, "एकटीचा प्याला नको मला. लोकांबरोबर मिळाला तर येईन. उचलून आणलंत तरी येईन." मग डोळे मिटून घेतले. पुढच्या महिन्यापर्यंत ती टिकेल का, हे आम्हा दोघींनाही विचारता येण्यासारखं नव्हतं.

परतीच्या गाडीत मी आईला म्हटलं, ठराव मागे घेता येत नाही आई, मुलं आहेत. आई म्हणाली, "कोण म्हणतंय मागे घे? तिचा वेगळा, तर सगळ्यांचाच वेगळा कर." एवढं बोलून ती खिडकीबाहेर बघू लागली. माजेरहाट येईपर्यंत मी त्याच वाक्यावर होते. इतकी पुस्तकं वाचून मला जे सुचलं नाही ते तिला तांदूळ निवडताना सुचलं असणार. मग इतके दिवस बोलली का नाही? मी विचारलं. ती म्हणाली, "तू विचारलंस का?"

पंचसभा घेतली. या वेळी आईलाही नेलं. मी नवा ठराव वाचला, पितळी प्याला ठेवून द्यावा आणि प्रत्येकाला वेगळा पेला द्यावा. कंपोझिटरकाका उठून उभे राहिले. रागावले की ते उभे राहत.

"मागच्या खेपेला गप्प बसलो," ते म्हणाले. "आता नाही बसत. प्रभूने एकच प्याला दिला. या एका प्याल्यासाठी माझ्या बापाने गाव सोडलं. तो काय आता कपाटात कुलपात टाकायचा?"

त्यांचं म्हणणं मला पहिल्यांदाच पटत होतं. तेव्हा आई बोलली. सभेत ती याआधी कधी बोलली नव्हती. पदर सावरून, खाली बघत, इस्पितळातल्या मोठ्या बाईंशी बोलावं तशी.

"काका, मला वाचता येत नाही, तुम्हीच वाचता ते ऐकते. प्रभूने बारा जणांचे पाय धुतले म्हणतात. ते एकाच पाण्याने धुतले का दर वेळी पाणी बदललं, असं कुठे लिहिलंय?"

काका म्हणाले, तसं काही लिहिलेलं नाही.

"मग धुतले, एवढंच लिहिलंय. मी असते तर बदललं असतं. कुणाचाही पाय सोडला नसता, पण पाणी बदललं असतं."

मग एका बाईने विचारलं, तीस पेले आणायचे कुठून. घरचे आणले तर कुणाचा चांदीचा, कुणाचा पत्र्याचा, ती आणखी एक तऱ्हा. आई म्हणाली, पुलाजवळच्या चहावाल्याकडचे मातीचे पेले आणू. कलकत्त्यात रस्त्यावरचा चहा याच छोट्या मातीच्या पेल्यातून देतात. पिऊन झाला की पेला टाकायचा.

काकांचा चेहरा उतरला. "मातीचे?" ते हळू म्हणाले. "टाकायचे पेले? गावात आम्हाला यातूनच देत होते, ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे," आई म्हणाली. "तेव्हा आपल्यालाच देत. इथे बाबू पितो त्यातून, हमालही पितो त्यातून, काका."

काका खाली बसले. मग त्यांनी हात वर केला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पटल्याचं होतं की हरल्याचं, मला सांगता यायचं नाही. मी तो ठराव लिहून घेतला. आधीचा ठराव खोडला नाही. टिपणवहीत खाडाखोड करायची नाही असा नियम मीच केला होता.

प्रभुभोजनाच्या आधीच्या गुरुवारी मी शाळा सुटल्यावर एकटीच बजबजला गेले. पत्र लिहिलं नाही. पिशवीत एक मातीचा पेला घेतला होता, तो मावशीच्या हातात ठेवला. तिने तो नाकाशी नेला, मातीचा वास घेतला, आणि किती दिवसांनी हसली.

"हा चहाचा का प्रभूचा?"

मी सगळं सांगितलं. आई सभेत काय बोलली ते मावशीने दोनदा सांगायला लावलं. मग तिने नवऱ्याला ट्रंकेतली पांढरी, निळ्या काठांची साडी काढायला सांगितली. रविवारी टॅक्सी करून आणायचं ठरलं. "दाराशी नाही बसणार मी," ती म्हणाली. "अक्काच्या शेजारी. आणि तू दुसऱ्या बाजूला बस, पडले तर धरायला." निघताना मला हाक मारली आणि म्हणाली, "पत्रातलं अक्षर मात्र फार सुरेख होतं गं." ती थट्टा नव्हती. ती शिकवणारी बाई होती, तिला खरंच आनंद झाला होता.

शनिवारी सकाळी आई मनुका भिजत घालत होती. मावशीचा नवरा दारात येऊन उभा राहिला. पहाटे रक्ताची उलटी झाली आणि गेली, एवढंच म्हणाला. आईने भांड्यावर झाकण ठेवलं, हात पुसले, पिशवीत पंचा, साबण आणि फणी भरली. खिमटाचा डबा उचलला, मग पुन्हा खाली ठेवला. दारातून मला म्हणाली, "चल. आज दोघी लागतील."

आमच्या मंडळीत मेलेल्या माणसाला अंघोळ घालायचं काम आई करी. मी कधी आत गेले नव्हते. त्या दिवशी गेले. आई पाणी ओतत होती आणि मला सांगत होती, इथे धर, मान वळव, घाई करू नकोस. हात झाले, पाठ झाली. मग तिने पातेलं माझ्या पुढ्यात सरकवलं. मावशीचे पाय माझ्या वाट्याला आले. माजेरहाटहून आमच्या देवळापर्यंत दर रविवारी चालत आलेले पाय. टाचांना भेगा होत्या, आणि त्या भेगांत काळं तेल बसलेलं. साबण लावून मी ते काढत राहिले. पाणी गढूळ झालं.

"बदल," आई म्हणाली.

मी पाणी बदललं. पुन्हा धुतले.

साडी ट्रंकेतून काढून ठेवलेली होतीच.

पाळकसाहेब शनिवारी संध्याकाळी आले ते प्रभुभोजनासाठी. रविवारी सकाळी त्यांनी मावशीच्या दफनाचा विधी केला आणि दुपारी तीनला आम्ही देवळात बसलो. पुढे न्यायला म्हणून आईने मातीचे पेले ट्रेमध्ये मांडले होते. पेले आधीच मोजून आणलेले, त्यात मावशीचाही धरला होता. तो कुणी काढला नाही. मेजावर मधोमध पितळी प्याला ठेवला होता, काकांनी घासून लखलखीत केलेला, रिकामा. ट्रे बाकांवरून फिरला. मावशीने सांगितलं होतं तशीच मी बसले होते. माझ्या आणि आईच्या मधली जागा रिकामी होती. आईने एक पेला स्वतः घेतला, एक माझ्या हातात दिला आणि एक त्या रिकाम्या जागेवर बाकावर ठेवला.

सगळ्यांनी एकदम प्यायचं ठरलं होतं. सगळे प्यायले. त्या वेळी देवळात सुस्कारा नव्हता, काही नव्हतं, बाहेर गोदीत कुठे साखळी ओढल्याचा आवाज येत होता. आईचा पेला मात्र हातात तसाच होता. ती थांबली होती. मला वाटलं, रडतेय. मग तिने बाकावरचा मावशीचा पेला उचलला, पाळकसाहेबांकडे विचारल्यासारखं एकदा बघितलं, आणि तो आधी प्याली. त्यानंतर स्वतःचा.

इतकी वर्षं ती मावशीच्या मागून पीत आली होती. तो क्रम तिने त्या दिवशीही मोडला नाही.

मला अजून कुणी विचारलं तर मी सांगेन की माझा पहिला ठराव बरोबर होता. क्षयाच्या माणसाचा प्याला इतरांना देऊ नये. मी शाळेत पुढे कितीतरी वर्षं हेच शिकवलं, आणि उद्या पुन्हा शिकवीन. पण तो ठराव लिहिण्याआधी मी एकदा बजबजला जायला हवं होतं. भाडं नव्हतं असं नाही, वेळ नव्हता असं नाही. गाडी दर तासाला होती. मी गेले असते तर मावशी मला त्याच दिवशी म्हणाली असती की सगळ्यांचेच वेगळे करा, आणि ती त्या तीन महिन्यांतले बारा रविवार आमच्यात बसली असती. जे लोकांबरोबर हवं होतं ते तिला पुन्हा एकदाही मिळालं नाही.

टिपणवही पुढच्या चिटणिसाला देताना मी एक कलम वाढवलं. 'भेट देण्यात यावी' याच्या शेजारी एक रिकामी जागा आखली, आणि वर लिहिलं : कोण गेलं.